रक्तपेशीची वेस



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर नाहीतर महागाईवर बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज मी त्या दोहोंवर बोलणार नाही. माझा विषय आहे रक्तातील तांबडी पेशी, तिच्याभोवतीचे पातळ आवरण, आणि त्या आवरणातून काय आत येते व काय बाहेर जाते, याचा माणसाला लागलेला शोध. शाळेचे शिक्षण माझ्या वाट्याला थोडेच आले. जे थोडेफार कळले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि ओळखीच्या डॉक्टरमंडळींना प्रश्न विचारून. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय मी हौसेखातर घेतलेला नाही. आपल्या विदर्भात सिकल सेल नावाचे एक पिढीजात दुखणे आहे. कामगार वस्त्यांतून फिरणाऱ्याला त्याची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. सांधे, पाठ, छाती यांत एकाएकी उठणारी असह्य कळ, पिवळे डोळे, वारंवार रक्त चढवावे लागणे, आणि मुकादमाच्या वहीत पडणारे खाडे. या दुखण्यात रक्तातले तांबडे द्रव्य बिघडलेले असते, एवढे आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु हा उलगड्याचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग पेशीच्या वेशीवर सापडतो, आणि कामगाराच्या दृष्टीने तोच अधिक कामाचा आहे.

कोट आणि दरवाजे

महालात राहणाऱ्या माणसाला वेस म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. जुन्या नागपूरला कोट होता आणि कोटाला दरवाजे होते. आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो तो जुना जुम्मा दरवाजा. नुसता कोट असता आणि दरवाजे नसते तर आतले गाव उपाशी मेले असते. नुसतेच दरवाजे असते आणि कोट नसता तर गाव आणि रान यांत फरक उरला नसता. पेशीचेही तसेच आहे. तिच्या आवरणाला शास्त्रज्ञ पटल म्हणतात. ते एका मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ असते. पण याच पटलामुळे आत एक जग आणि बाहेर दुसरे जग असा भेद टिकतो.

या पटलाचा अभ्यास आधी वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला. १ जानेवारी १८७७ रोजी आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच साली जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत एक कृत्रिम पटल तयार केले, आत साखरेचे पाणी भरले आणि भांडे साध्या पाण्यात बुडवले. बाहेरचे पाणी आत शिरू लागले आणि आतला दाब वाढत गेला. तो त्याने मोजला. जिकडे साखर किंवा मीठ अधिक, तिकडे पाण्याची ओढ, हा त्यातला नियम. आपल्या घरातल्या स्त्रियांना हा नियम फेफरच्या आधीपासून ठाऊक होता. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पाणी सुटते, आणि मनुका पाण्यात टाकल्या की टपोऱ्या होतात. फेफरने या ओढीला आकडे दिले.

एम्प्रेस मिलचा उल्लेख मी केवळ साल जुळले म्हणून केलेला नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत पटापट तुटते. म्हणून जमशेटजी टाटांनी त्या गिरणीत हवेत ओल राखणारी यंत्रे बसवली होती. ती गिरणी २००२ साली बंद पडली. ओल गेली की धागा कडक होतो आणि तुटतो, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे आपल्याला लागणार आहे.

पटल कशाचे बनले आहे, हे शोधायला तांबडी रक्तपेशी फार सोयीची पडली. तिच्यात केंद्रक नाही आणि आत दुसरे पडदेही नाहीत. आहे ते एकच बाहेरचे पटल. शिवाय रक्ताचा एक थेंब काढला की अशा पेशी कोट्यवधींनी मिळतात. १९२५ साली हॉलंडमध्ये लायडन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी अशा पेशींतला स्निग्ध अंश वेगळा काढला आणि पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. यावरून त्यांनी अनुमान काढले की पटलात स्निग्ध पदार्थाचे दोन थर एकमेकांना पाठ लावून आहेत. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना छेद देणाऱ्या असल्यामुळे निष्कर्ष बरोबर निघाला! तेलकट कोटातून मीठ सहजासहजी पार होत नाही. मग पेशीत मीठ, पाणी, साखर जाते कशी? कोटात दरवाजे असले पाहिजेत, आणि दरवाज्यांवर नाकेदारही असले पाहिजेत.

नाकेदारांपैकी पहिला मोठा शोध १९५७ सालचा. डेन्मार्कमधील आर्हूस येथे येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातील मज्जातंतू घेऊन प्रयोग केले. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते. बाहेरच्या रक्तद्रवात नेमके उलटे असते. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलात बसलेले एक प्रथिन अहोरात्र तीन सोडियम बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आत घेते, आणि प्रत्येक खेपेला इंधन जाळते. आपण झोपलेले असतो तेव्हाही शरीराच्या इंधनाचा मोठा हिस्सा या कामावर खर्च होतो. ज्याला आपण विश्रांती म्हणतो तीही पेशीची पाळीच आहे! या शोधाबद्दल स्कोऊ यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पाण्याचा स्वतंत्र दरवाजा सापडायला आणखी पस्तीस वर्षे लागली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पीटर आग्रे हे रक्तगटाच्या एका प्रथिनामागे लागले असता तांबड्या पेशीच्या पटलात त्यांना भलतेच प्रथिन विपुल आढळले. १९९२ साली त्यांनी त्याची घडण बेडकाच्या अंड्यात करवून ती अंडी पाण्यात टाकली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. ज्यांत हे प्रथिन होते ती फुगून फुटली. पाण्याची खिडकी सापडली. २००३ साली त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५८ : नागपूर आणि बुडापेस्ट

आता दुखण्याकडे वळू. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रोग्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. हा रोगी वेस्ट इंडीजमधून शिकायला आलेला तरुण होता. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याच्या रेणूतच आहे. पुढे १९५६ साली केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष आणखी आत जाऊन पकडला. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलावा, तसा एका जागी एक घटक बदललेला असतो. प्राणवायू सोडून दिला की असे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करते, आणि त्या दोऱ्या पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. मऊ आणि लवचिक पेशी कडक होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते, मागची वाट तुंबते आणि कळ उठते.

हिंदुस्थानात हे दुखणे आहे, असे १९५२ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या साली लेमन आणि कटबुश यांना ते निलगिरीच्या आदिवासींत आढळले, आणि त्याच साली वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतही त्याची नोंद झाली. म्हणजे आपल्या देशात हे दुखणे प्रथम उजेडात आले ते रानातल्या आणि मळ्यातल्या कष्टकऱ्यांच्या रक्तात. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकल सेलविषयीचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला, आणि नागपूरचा परिसर या रोगाच्या नकाशावर गेला. पुढच्या पाहण्यांनी दाखवले की पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या रांगेत नंदुरबारकडे त्याचे प्रमाण मोठे आहे, आणि तो आदिवासींपुरता मर्यादित नाही.

हा गुण या भूमीत इतका टिकला का, याचे उत्तर मलेरियात आहे. आईबापांपैकी एकाकडूनच सदोष वारसा मिळालेला माणूस, म्हणजे वाहक, बहुधा निरोगी असतो, आणि मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून त्याला संरक्षण मिळते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवले. तेव्हा हा वारसा म्हणजे कुळाला लागलेला डाग नव्हे. तापाच्या रानात पूर्वज तगले, त्याची ती खूण आहे. लग्नाच्या बोलणीत तो लपवणारांनी आणि तो कळताच नाक मुरडणारांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

त्याच १९५८ साली हंगेरीत, बुडापेस्ट येथे, गार्दोश नावाचे एक संशोधक निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींवर काम करीत होते. त्यांनी पेशींचे इंधन संपवले आणि पाहिले, की बाहेरच्या द्रवात कॅल्शियम असेल तर पेशीतले पोटॅशियम भराभर बाहेर पडते. म्हणजे कॅल्शियम आत शिरले की उघडणारा पोटॅशियमचा एक दरवाजा पटलात आहे. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकच साल, दोन लेख. एकात आपल्या माणसांचे रक्त, दुसऱ्यात त्या रक्ताच्या वेशीवरचा एक दरवाजा. दोहोंचा सांधा जुळायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली.

दरवाजा उघडा राहिला म्हणजे

सांध्याचा पहिला टाका खरे तर १९५५ सालीच पडला होता. अमेरिकेत टॉस्टेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की सिकल पेशीचा प्राणवायू काढून घेतला की तिचे पोटॅशियम बाहेर गळते. १९७३ मध्ये कळले की सिकल रोग्याच्या पेशींत कॅल्शियम जास्त असते. मग चित्र पुरे झाले. आतल्या दोऱ्यांनी पेशी ताणली की पटल विस्कटते आणि कॅल्शियम आत झिरपते. गार्दोशचा दरवाजा उघडतो आणि पोटॅशियम बाहेर पडते. मीठ जाईल तिकडे पाणी जाते, हा कैरीच्या फोडीचा नियम, म्हणून पाणीही बाहेर पडते. पेशी सुकते. पेशी सुकली की आतले हिमोग्लोबिन दाट होते, दाट झाले की दोऱ्या लवकर तयार होतात, आणि दोऱ्यांनी पटल पुन्हा ताणले जाते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे.

या दाटपणाला केवढे महत्त्व आहे, ते १९७४ साली अमेरिकेतील शासकीय आरोग्यसंस्थेत झालेल्या प्रयोगांनी कळले. प्राणवायू सोडल्यावर दोऱ्या तयार व्हायला काही वेळ लागतो. हिमोग्लोबिन केवळ दहा टक्क्यांनी दाट झाले तर हा वेळ चार पटींपासून सतरा पटींपर्यंत कमी होतो. आता हिशेब पाहा. बारीक रक्तवाहिनीतून पेशी जेमतेम सेकंद-दोन सेकंदांत पार होते आणि दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा फुप्फुसात पोचून प्राणवायू घेते. तेवढा अवधी मिळाला तर पेशी विळा होण्याआधीच सुटून जाते. अवधी हुकला तर वाटेतच अडकते. रोगी सुखाने कामावर जाणार की कळांनी लोळणार, याचा निकाल अशा सेकंदांवर लागतो, आणि ते सेकंद पेशीतल्या पाण्यावर अवलंबून असतात.

दरवाजा बंद करून पाहिला

हे कळल्यावर शास्त्रज्ञ स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९८० साली अमेरिकेत तीन रोग्यांच्या रक्तातील सोडियम मुद्दाम उतरवून पेशी फुगवण्याचा प्रयोग झाला. कळा कमी झाल्या, पण ही रीत धोक्याची असल्याने रूढ झाली नाही. पुढे गार्दोशचा दरवाजा बंद करणारे औषधच तयार केले गेले आणि मोठ्या चाचणीत ते रोग्यांना देण्यात आले. तिचा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. पेशी कमी फुटू लागल्या, हिमोग्लोबिन वाढले, परंतु कळांचे झटके कमी झाले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतो. एक दरवाजा सापडला की सारे कोडे सुटले, असे निसर्गात नसते. पेशीला दुसरेही दरवाजे आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला पेशी चिकटतात, दाह होतो, आणि कळ अनेक वाटांनी येते. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा गुण मुख्यतः वेगळ्या वाटेने येतो. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ते पुन्हा वाढवते, आणि त्या हिमोग्लोबिनामुळे दोऱ्या तयार होण्यास अडथळा येतो. हे औषध आज आपल्याकडेही दिले जाते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणी चालू ठेवूनच घ्यावयाचे. तेव्हा पाणी पिऊन सिकल सेल बरा होतो, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पाण्याने दुखणे बरे होत नाही. पाण्यावाचून मात्र ते पेटते.

कारखान्याच्या दारात

येथवर शास्त्र झाले. आता माझ्या धंद्याची गोष्ट. हिंगण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, एका तरुण कामगाराला मेमो मिळाला. गुन्हा असा, की पाळीत पाचसहा वेळा तो लघवीला जातो आणि पाण्याच्या टाकीपाशी उभा राहतो. पर्यवेक्षकाने शेऱ्यात कामचोर असे लिहिले होते. आता शास्त्र काय सांगते ते ऐका. सिकल सेलमुळे मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा पोचते. निरोगी माणूस तहानेला की त्याचे मूत्रपिंड लघवी दाट करून पाणी वाचवते. सिकल रोग्याच्या मूत्रपिंडाला ते साधत नाही. त्याचे पाणी वाहून जातच राहते. म्हणून त्याला वारंवार जावे लागते आणि वारंवार प्यावे लागते. त्याने ते केले नाही तर रक्तद्रव दाट होतो, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि वर सांगितलेले चक्र सुरू होते. ज्याला कामचोर म्हटले, तो आपल्या पेशींची वेस सांभाळत होता. डॉक्टरांचा दाखला आणि हे सारे साध्या मराठीत लिहिलेले दोन कागद आम्ही पुढे ठेवले, तेव्हा मेमो मागे घेतला गेला. घोषणा द्यावी लागली नाही.

बायकांची गोष्ट याहून कठीण आहे. बांधकामावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या कितीतरी बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा नसतो. वैशाखात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात डोक्यावर घमेले आणि पोटात पाणी नाही. तीत एखादी सिकलची रोगी असेल तर तिला तेथे उभी करणे म्हणजे तिच्या पेशी एकेक करून सुकवणे. आपण औषधांच्या किमतीवर चर्चा करतो. येथे चार पत्र्यांचा संडास आणि एक माठ हेच औषध आहे, आणि तेही मिळत नाही.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमाने पिण्याच्या पाण्याची सोय मालकावर टाकली. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते पाणी थंड असावे, असेही बजावले. पुढच्याच कलमात शौचालयांची तरतूद होती. २०२० च्या संहितेतही ही जबाबदारी मालकाकडेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत सिकल सेलचा समावेश केला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु सरकारी नोकरीतील चार टक्के राखीव जागा ज्यांना मिळतात त्या यादीत रक्तविकार नाहीत. दाखला मिळतो, पण जागा मिळत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. आपल्या नागपुरात संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्याने रोग्यांची संघटना बांधली. रोग्यांनी एकत्र येऊन मागणी केल्यावाचून दवाखान्याचे दार पुरते उघडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तपासणी जरूर व्हावी. वाहक कोण आणि रोगी कोण, हे लग्नापूर्वी कळावे, कारण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक असतो. परंतु तपासणीचा कागद नोकरीवरून काढण्यासाठी वापरला जाणार असेल तर कामगार बोट पुढे करणार नाही. वाहक हा रोगी नव्हे, हे भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला कळले पाहिजे. रोग्याला उन्हातून सावलीतले काम द्यावे, अंगमेहनत कमी करावी, पाणी आणि संडास यांसाठी त्याची अडवणूक करू नये. या मागण्यांत दयेचा भाग नाही. फेफर, स्कोऊ, गार्दोश आणि १९५८ सालचे ते दोन डॉक्टर यांनी जे सिद्ध केले, त्याचीच ती अंमलबजावणी आहे.

सुताला ओल लागते, नाहीतर ते तुटते, हे गिरणीच्या मालकाने एकोणिसाव्या शतकात ओळखले आणि त्यासाठी यंत्रे बसवली, कारण तुटलेल्या धाग्याचा तोटा हिशेबाच्या वहीत दिसत होता. माणसाच्या रक्तात तुटणारा धागा वहीत दिसत नाही. तो वहीत आणणे, हे आता आपले काम आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या घरी, दुकानात, बांधकामावर जो कोणी राबायला येईल, त्याच्यासाठी पाण्याचा माठ कोठे आहे आणि बाईमाणसाने जायचे कोठे, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावेत, इतकीच माझी आपणांस विनंती आहे.